आयोडीन, विषाणू आणि साखरेची भूक

गर्भाशयमुखाची तपासणी करताना काही वेळा तिथे आयोडीनचं द्रावण लावतात. पाहता पाहता बहुतेक भाग गडद तपकिरी होतो. जिथे रंग चढला तिथेच काही बिघडलं असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट असतं. तपकिरी झालेला भाग निरोगी. जो फिकट पिवळाच राहिला, त्यावर डॉक्टरांची नजर खिळते.

याला कारण साखर. निरोगी गर्भाशयमुखाच्या वरच्या थरांतल्या पक्व पेशी ग्लायकोजेन साठवून ठेवतात. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची, फांद्या फुटलेली साखळी. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून आपण जो स्टार्च ओळखला, तीही ग्लुकोजचीच साखळी. तिथे रंग निळा-काळा येतो, इथे तपकिरी. व्हिएन्नातले विकृतिशास्त्रज्ञ वॉल्टर शिलर यांनी १९३०च्या आसपास ही चाचणी पुढे आणली. कॅन्सरकडे झुकू लागलेल्या पेशी पक्व होतच नाहीत. त्या विभागत राहतात आणि त्यांच्याकडे असा साठा उरत नाही, म्हणून आयोडीनला तिथे धरायला काही सापडत नाही. अर्थात पिवळा डाग म्हणजे कॅन्सर, असा निकाल लगेच लावता येत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, त्याबरोबर ग्लायकोजेनही घटतं आणि ठणठणीत बाईचं गर्भाशयमुखही फिकं दिसू शकतं. संसर्गामुळेही तसं होतं. डाग ही खूण असते. निदान होतं ते तिथला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर.

या ग्लायकोजेनवर आणखी कुणाची तरी गुजराण चालते. योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू झडलेल्या पेशींतली ही साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे तिथला सामू ४.५च्या खाली राहतो आणि बऱ्याच उपद्रवी जंतूंना पाय रोवता येत नाहीत. ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल हा मार्ग इथे बाईच्या बाजूने काम करतो. गाठीच्या आत तोच मार्ग तिच्याविरुद्ध कसा वापरला जातो, ते पुढे येईलच.

आता या कॅन्सरमागच्या विषाणूकडे वळू. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून एचपीव्ही १६ आणि १८ हे प्रकार वेगळे काढले. त्याआधी संशय नागीण गटातल्या हर्पीस विषाणूवर होता आणि त्सुर हाउझेन यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेत नव्हतं. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगभरातल्या या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोनच प्रकारांमुळे होतात. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही गाठतोच, आणि बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हाकलूनही देतं. तेव्हा हा संसर्ग झाला म्हणून कुणाच्या वागण्याबद्दल कुजबुजण्याचं काही कारण नाही. आपल्याकडे ही कुजबूजच अनेक बायकांना तपासणीपासून दूर ठेवते.

हा विषाणू अगदी फाटका आहे. त्याची जनुकीय लिपी जेमतेम आठ हजार अक्षरांची, आणि स्वतःचा डीएनए नकलण्याचं यंत्रही त्याच्याजवळ नाही. तो बारीक जखमेतून त्वचेच्या सर्वांत खालच्या थरात शिरतो. तिथल्या पेशी विभागतात, पण वर सरकत गेल्या की विभागणी थांबवतात आणि डीएनए नकलण्याचा कारखाना बंद करतात. विषाणूला हवा असतो नेमका तोच कारखाना, तोही वरच्या थरांत. म्हणून तो दोन प्रथिनं पाठवतो. ई७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी नावाच्या ब्रेकला धरतं आणि निकामी करतं, त्यामुळे थांबलेली पेशी पुन्हा विभागणीला लागते. अशा वेळी पी५३ हे पेशीतलं पहारेकरी प्रथिन हस्तक्षेप करून पेशीला आत्मनाश करायला लावतं. ई६ त्या पी५३चीच विल्हेवाट लावतं; पेशीच्या कचरा व्यवस्थेकडूनच त्याचे तुकडे करवून घेतं.

कॅन्सर होणं विषाणूच्याही फायद्याचं नाही. बहुतेक वेळा कॅन्सर होताना विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात अडकतो. ई६ आणि ई७ यांना लगाम घालणारं विषाणूचंच एक जनुक त्यात मोडतं आणि ही दोन प्रथिनं बेलगाम तयार होऊ लागतात. अशा पेशीतून नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. संसर्गापासून गाठीपर्यंतच्या या प्रवासाला सहसा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो.

बेलगाम झालेली ही जोडी पेशीच्या साखरेच्या हिशेबातही हात घालते.

पी५३ म्हणजे निव्वळ पहारेकरी, असं बरीच वर्षं मानलं जाई. २००४ ते २००६ या काळात त्याची दुसरी बाजू पुढे आली. पेशीच्या पटलातून ग्लुकोज आत घेणारी ग्लुट नावाची द्वारं असतात. पी५३ ती आटोक्यात ठेवतं. टायगार नावाचं एक प्रथिन बनवून ते ग्लुकोज फोडण्याचा वेग कमी करतं. मायटोकॉन्ड्रियात प्राणवायू वापरणाऱ्या यंत्रणेची जुळणी नीट व्हावी म्हणून एससीओ२ नावाचं आणखी एक प्रथिनही तेच पुरवतं. थोडक्यात, साखर बेताने घे आणि घेतलीस ती पुरती जाळ, अशी पी५३ची शिस्त असते. ई६ने पी५३ संपवलं की हे तिन्ही लगाम एकदम सुटतात. शिवाय प्राणवायू कमी पडल्यावर जागं होणारं एचआयएफ-१ नावाचं प्रथिन पेशीत सतत नष्ट केलं जात असतं. एचपीव्हीची प्रथिनं त्याला टिकवून धरतात. मग प्राणवायू असतानाही पेशी गुदमरल्यासारखी वागते, साखरेची आणखी द्वारं उघडते आणि साखर फोडणारी विकरं वाढवते.

ई७ची करामत जास्त मासलेवाईक आहे. ग्लुकोज फोडण्याच्या साखळीत अगदी शेवटच्या टप्प्याला पायरुव्हेट कायनेज हे विकर असतं. भराभर वाढणाऱ्या पेशींत त्याचा एम२ हा प्रकार आढळतो. चार-चार रेणू जोडले गेले की तो जोमाने काम करतो, दोन-दोनच राहिले की रेंगाळतो. एचपीव्ही १६चं ई७ प्रथिन या विकराला प्रत्यक्ष चिकटतं आणि त्याला दोनच्या, म्हणजे रेंगाळणाऱ्या रूपात ठेवतं, असं १९९९ मध्ये दाखवलं गेलं. हे चमत्कारिक वाटतं. साखर भरभरून आत घ्यायची आणि शेवटच्या पायरीला मात्र बांध घालायचा, यात विषाणूचा काय फायदा?

हे समजण्यासाठी बर्लिनला जावं लागतं. १९२०च्या दशकात ऑटो वारबुर्ग हे तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत गाठींचे पातळ काप काचेच्या भांड्यांत ठेवून ते किती वायू घेतात-सोडतात हे मोजत होते. प्राणवायू मुबलक असतानाही कॅन्सरच्या पेशी बरंचसं ग्लुकोज पुरतं न जाळता लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात, असं त्यांना दिसलं. धावताना दमलेला स्नायू असं करतो, पण त्याला प्राणवायू अपुरा पडतो म्हणून. एक ग्लुकोज पुरतं जाळलं तर पेशीला एटीपीच्या रूपात ऊर्जेची साधारण ३० नाणी मिळतात. लॅक्टिक आम्लावर थांबलं तर फक्त दोन. एवढा तोटा कोण पत्करेल? वारबुर्ग यांनी निष्कर्ष काढला की या पेशींचा श्वसनाचा कारखाना मोडलेला असणार, आणि तेच कॅन्सरचं मूळ आहे. १९३१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते श्वसनाच्या विकरावरील कामासाठी. कॅन्सरबद्दलचं हे मत मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही.

निरीक्षण पक्कं होतं, निष्कर्ष चुकला होता. तो कसा चुकला हे सांगायला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्याच पेशी पुढे आल्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या, पाच मुलांच्या कृष्णवर्णीय आईच्या गाठीतून काही पेशी काढल्या गेल्या. त्यांना विचारलं गेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. पेशी मात्र जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या आणि हेला या नावाने जगभर पसरल्या. त्या पेशींत एचपीव्ही १८ आहे हे कळायला पुढे तीस वर्षांहून अधिक काळ लागला. ज्यांनी प्रयोगशाळेत हेला पेशी वाढवल्या आहेत, त्यांना त्यांची साखरेची हाव डोळ्यांनी दिसते. पेशी ज्या लालसर द्रावणात ठेवतात त्यात आम्लता दाखवणारा फिनॉल रेड असतो. दोन-तीन दिवस द्रावण बदललं नाही की पेशींनी सोडलेल्या लॅक्टिक आम्लाने ते पिवळं पडतं.

या हेला पेशींवर १९७९ मध्ये अमेरिकेत रायटझर, वाइस आणि केनेल यांनी एक हिशेब मांडला. साखर भरपूर दिली तरी या पेशी निम्म्याहून अधिक ऊर्जा ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून मिळवतात, आणि तीही मायटोकॉन्ड्रियात प्राणवायू वापरून! म्हणजे श्वसनाचा कारखाना धडधाकट होता. मग एवढी साखर कशासाठी? लाकूड चुलीत घातलं तर ते सरपण, सुताराच्या हाती दिलं तर त्याचे वासे होतात. विभागत्या पेशीला दर खेपेला एक अख्खं नवं घर उभारायचं असतं. ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवर मधूनच निघणाऱ्या रेणूंपासून डीएनए आणि आरएनएचे घटक, पेशीपटलाची चरबी आणि काही अमिनो आम्लं तयार होतात. शेवटच्या पायरीला बांध घातला की मागे साचलेला माल या आडवाटांनी बांधकामाकडे वळतो. ई७ नेमकं हेच साधतं. डीएनएच्या नकला काढायला कच्चा माल हवा आणि स्वतःचा कारखाना नाही, अशा विषाणूला याहून सोयीचा दुसरा डाव नव्हता. वारबुर्ग यांना जो मोडका कारखाना वाटला, ती खरं तर बांधकामाची घाई होती. आज जीवशास्त्रातलं बहुमत याच बाजूला आहे, आणि मला ते पटतं.

उरलेलं लॅक्टिक आम्ल पेशी बाहेर फेकते, पण त्याचेही परिणाम होतात. गाठीभोवतालची जागा आंबट होते, तिथे लढायला आलेल्या टी पेशी मंदावतात, नव्या रक्तवाहिन्या गाठीकडे वळतात. जर्मनीतल्या संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या गाठींतलं लॅक्टेट मोजलं आणि २००० साली प्रसिद्ध केलं की ज्यांच्या गाठीत ते जास्त होतं, त्यांचा आजार पसरण्याची आणि उलटण्याची शक्यता जास्त, जगण्याची कमी.

याच्याच शेजारी प्राणवायूचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या बायकांना फार जवळचा आहे. किरणोपचाराने पेशी मरते ती बऱ्याच अंशी प्राणवायूच्या मदतीने. प्राणवायू नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. रक्त कमी असलेल्या बाईच्या गाठीत प्राणवायू आणखी कमी पोचतो. म्हणूनच या आजारात शेक, म्हणजे किरणोपचार, घेताना डॉक्टर हिमोग्लोबिनच्या मागे लागतात, प्रसंगी रक्त चढवतात. घरच्यांना ती किरकोळ बाब वाटते. पण रक्त भरून काढणं हा त्या उपचाराचाच भाग आहे.

पेशींच्या या हावरेपणाचा सर्वांत चांगला उपयोग पेट स्कॅनने केला. ग्लुकोजच्या रेणूतला एक छोटा गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन बसवला की एफडीजी तयार होतं. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज विकर त्याला फॉस्फेट जोडतं, आणि तिथेच तो रेणू अडकतो. ना पुढे फुटत, ना बाहेर येत. जिथे भूक जास्त तिथे तो जास्त साचतो आणि चित्रात उजळ दिसतो. या फ्लोरिनची निम्मी शक्ती ११० मिनिटांत संपते, त्यामुळे तो जवळच्या सायक्लोट्रॉनमध्ये बनवून घाईने आणावा लागतो. भारतातली अशी पहिली सोय २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. स्कॅनच्या आधी काही तास उपाशी राहायला सांगतात आणि रक्तातली साखर फार वाढलेली असेल तर तपासणी पुढे ढकलतात, कारण खरी साखर आणि हे सोंग एकाच दारातून आत शिरतात. गर्भाशयमुखाच्या बाबतीत एक खास अडचण असते. एफडीजी लघवीवाटे बाहेर पडतं आणि मूत्राशय तर अगदी शेजारी, तेही लख्ख उजळतं. त्यामुळे स्कॅनपूर्वी लघवी करून या असं बजावतात ते उगीच नव्हे. मूळ गाठ बहुधा इतर तपासण्यांतही दिसते. पेटचा खरा उपयोग होतो तो ओटीपोटातल्या आणि महाधमनीलगतच्या लसीकाग्रंथींत आजार शिरलाय का, हे पाहायला. शेक कुठवर द्यायचा, हे त्यावरून ठरतं.

मग साखर तोडून कॅन्सर उपाशी मारता येईल का? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा सल्ला नेमका पेट स्कॅनच्या चित्रांचा दाखला देतो, म्हणून तो खरा वाटतो. पण रक्तातलं ग्लुकोज ताटातल्या साखरेवर अवलंबून राहत नाही. तुम्ही काहीच खाल्लं नाही तरी यकृत ते बनवत राहतं, कारण मेंदूला ते लागतं. साठा संपला की त्यासाठी स्नायूंची प्रथिनं मोडली जातात. हेला पेशींनी दाखवल्याप्रमाणे गाठ ग्लुटामिनवरही भागवून घेते. म्हणजे उपासाने आधी हडकते ती बाई, गाठ नव्हे. भात-भाकरी बंद करून किरणोपचाराला आलेल्या रुग्णाचं वजन घटतं, अशक्तपणाने उपचारात खंड पडतो, आणि हा खंड फार महागात पडतो. साखर बेतात खाणं चांगलंच, मधुमेह असेल तर आवश्यकच. त्याला उपचार म्हणणं मात्र घातक आहे.

औषधाने ही वाट अडवायचे प्रयत्नही झाले. २-डीऑक्सी-डी-ग्लुकोज हे एफडीजीचंच भावंड. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, डीआरडीओच्या प्रयोगशाळेने पुढे आणलेल्या याच औषधाला आणीबाणीची मान्यता मिळाली होती. त्याच्या कितीतरी आधी भारतात मेंदूच्या गाठींवर किरणोपचाराच्या जोडीने ते वापरून पाहिलं गेलं होतं. कॅन्सरचं प्रस्थापित औषध ते होऊ शकलेलं नाही. अडचण उघड आहे: मेंदूचीही साखरेची गरज तीच, आणि वाटही तीच.

एकंदरीत, विषाणूने पेशीला लावलेली ही भूक आपल्याला गाठ मारायला फारशी उपयोगी पडलेली नाही. गाठ पकडायला मात्र पडली आहे, साध्या आयोडीनपासून महागड्या पेटपर्यंत. त्यातही पेट लागतो तेव्हा आजार झालेला असतो. आयोडीन, व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल किंवा एचपीव्हीची चाचणी ही त्याच्या कितीतरी वर्षं आधी इशारा देतात. याचा भक्कम पुरावा आपल्याच राज्यातून आला, याची महाराष्ट्रात म्हणावी तशी वाच्यता झाली नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून ॲसेटिक आम्लाची तपासणी करवली; मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या दोघीही भरल्या नाहीत. देशात दर वर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा आजार होतो, जवळपास ८० हजार दगावतात.

ई६ आणि ई७ पेशीत शिरूच नयेत, ही सोय लशीने केली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२२ मध्ये मान्य झाली. १६ आणि १८सह चार प्रकारांपासून ती संरक्षण देते. लस संसर्गाच्या आधी द्यायची असते, झालेला संसर्ग ती घालवत नाही. म्हणून घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर तिच्या डॉक्टरांकडे लशीची चौकशी आत्ताच करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने, काही त्रास नसला तरी, एकदा तपासणी करून घ्यावी. लस घेतलेल्यांनीही ती टाळू नये. आणि पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं, संबंधानंतर गेलं किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागलं, तर लाजेखातर एक आठवडाही थांबू नये.